साडेनऊला माथ्यावर

नाशिकहून त्र्यंबक रस्त्याने निघालं की वीसेक किलोमीटरवर डाव्या हाताला अंजनेरीचा डोंगर समोर उभा राहतो. खाली झाडीचा उतार, वर सरळ तुटलेला काळा कडा, त्यावर सपाटी, आणि सपाटीच्या मागे आणखी एक टप्पा. उंची साधारण ४२०० फूट, म्हणजे १२८० मीटर. त्र्यंबकेश्वरला जाणाऱ्या बहुतेकांनी हा डोंगर फक्त गाडीच्या काचेतून पाहिलेला असतो. सकाळी लवकर निघून दुपारच्या जेवणाला घरी परत येता येईल इतका तो जवळ आहे, आणि धडधाकट माणसाला, सातआठ वर्षांच्या मुलालाही, जमेल इतपतच त्याची चढण आहे. म्हणून या प्रकरणासाठी मी तो निवडला. एका सकाळच्या भटकंतीची आखणी कशी करायची हे अंजनेरीवर नीट कळलं, की ती रीत सह्याद्रीतल्या कुठल्याही डोंगराला लावता येते.

डोंगरावर जायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न उठतो तो ‘बरोबर काय काय घ्यायचं?’ हा. माझ्या मते त्याचा नंबर बराच खाली लागतो. पहिला प्रश्न आहे, वर जाऊन काय पाहायचंय? ढगांतून चालायचंय, की दूरवरचे किल्ले ओळखायचेत? फुलं पाहायचीत की गिधाडं? याचं उत्तर ठरलं की महिना ठरतो, महिन्यावरून तास ठरतो, तासावरून घरून निघायची वेळ. आखणी माथ्यापासून सुरू करून उलट घराकडे यायची. ती घरापासून सुरू केली की ‘नाश्ता करून निघू’ असं होतं, माणूस अकराला पायथ्याशी पोचतो, भर उन्हात चढतो आणि वर गेल्यावर धुरकट आभाळाशिवाय त्याला काही दिसत नाही. मग तो म्हणतो, अंजनेरीवर काही विशेष नाही. डोंगर तोच असतो, वेळ चुकलेली असते.

तेव्हा आधी महिना. नाशिक जिल्ह्याचा पाऊस फार असमान आहे. नाशिक शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि पन्नास किलोमीटरच्या आत असलेल्या इगतपुरीत तीन हजारांच्या घरात. समुद्रावरून येणारे बाष्पाचे वारे घाटमाथ्याला धडकतात, उचलले जातात, थंड होतात आणि तिथेच बरसतात. पलीकडे पूर्वेला उतरताना त्यांच्यात फारसं काही उरत नाही. अंजनेरी आणि ब्रह्मगिरी बरसण्याच्या बाजूला आहेत. त्यामुळे शहरात नुसतं ढगाळ असताना अंजनेरीचा माथा ढगात बुडालेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये वर गेलात तर दहा पावलांवरचं माणूस दिसत नाही. ज्याला धुकं, धबधबे आणि अंगावर पाऊस घ्यायचाय त्याने तेव्हा जरूर जावं. देखाव्यासाठी जाणाऱ्याने मात्र तेव्हा घरी बसावं.

देखाव्याचे दिवस सुरू होतात सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. तीन महिने पडलेल्या पावसाने हवेतली धूळ धुऊन काढलेली असते. जमीन ओली असते, त्यामुळे नवी धूळ उडत नाही. शेतातली काडी जाळायची वेळ अजून आलेली नसते, हिवाळ्यात शहरावर साचून राहणारा धूर अजून बसलेला नसतो. या तीन-चार आठवड्यांत अंजनेरीवरून जितकं लांबचं दिसतं तितकं एरवी वर्षभरात दिसत नाही. शिवाय पठार तेव्हा फुललेलं असतं. सोनकीची पिवळी पसरण, तेरड्याचा गुलाबी रंग हे लांबूनही दिसतं. पण अंजनेरीचं खरं नवल शोधावं लागतं, ते गवतात गुडघे टेकून.

कंदीलपुष्प, ज्याला काही भागांत खरपुडी म्हणतात, त्याच्या एका जातीचं शास्त्रीय नावच या डोंगरावरून पडलं आहे : सेरोपेजिया अंजनेरिका. या शतकाच्या पहिल्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिची नवी जात म्हणून नोंद केली ती याच पठारावरून. रोप वीतभरही नसतं. कंदीलपुष्पांचं फूल म्हणजे एक उभी नळी, तळाशी फुगलेली; वर पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटून कंदिलाच्या पिंजऱ्यासारखी झालेली. पिंजऱ्याच्या फटींतून बारीकशी माशी वासाच्या ओढीने आत शिरते. नळीच्या आतल्या बाजूला केस असतात, सगळे खाली तोंड केलेले. उतरताना ते वाट देतात, चढताना अडवतात. माशी तळाच्या फुगीर कोठडीत अडकते, बाहेर पडायला धडपडते, त्या धडपडीत तिच्या अंगाला परागांचे पुंजके चिकटतात. काही काळाने केस सुकून मिटतात, फूल कलतं आणि माशी सुटते. सुटून ती दुसऱ्या कंदिलात शिरते, आणि फुलाचं काम होतं. ऑक्टोबर संपता संपता रोप वाळून जातं आणि जमिनीखाली फक्त कंद उरतो, पुढच्या पावसापर्यंत. म्हणून पठारावर मळलेली पायवाट सोडून गवतात गाडीभर माणसं पसरली की नेमकं काय तुडवलं जातंय हे त्यांना कळतही नाही. फुलं पाहायची तर वाटेच्या कडेला बसून पाहावीत. तेवढ्यातच खूप दिसतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चालायला सर्वांत सुखाचे महिने. गवत सोनेरी होतं, हवा थंड असते. पण दूरच्या देखाव्याचा थोडा तोटा होतो. हिवाळ्यातल्या स्थिर हवेत सकाळी जमिनीलगतची थंड हवा खाली दबून राहते आणि तिच्यात धूर, धूळ अडकते. माथ्यावरून पाहिलं तर नाशिकच्या बाजूला करडा थर पसरलेला दिसतो. त्या थरातून डोंगरांचे फक्त माथे वर आलेले असतात, आणि ते दृश्यही वेगळ्या अर्थाने सुंदर असतं. मार्चनंतर गवत सुकून कडकडीत झालेलं असतं, वणव्याचा धोका असतो आणि दहानंतर कातळ तापतो. उन्हाळ्यात जायचंच तर उजाडायच्या आत पायथा गाठावा आणि नऊच्या आत उतरायला लागावं.

महिना ठरला, आता तास. अंजनेरीच्या पश्चिमेला ब्रह्मगिरी आहे, पूर्वेला नाशिक. सकाळी सूर्य पूर्वेला असतो, म्हणजे ब्रह्मगिरीच्या भिंतीवर समोरून ऊन पडतं. तिच्या कातळाचे थर, घळी, पायऱ्यांची रेघ, सगळं उठून दिसतं. नाशिककडे मात्र तेव्हा डोळ्यांवर ऊन येतं. दुपारनंतर हेच उलट होतं. ज्यांना मुख्यतः किल्ले आणि कडे पाहायचेत त्यांच्यासाठी सकाळ. आणि आपल्याकडे दिवसभराच्या उन्हाचा विचार केला तरी सकाळच.

साडेनऊची वेळ मी धरतो ती मात्र गिधाडांसाठी. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. हे पक्षी भल्या पहाटे उडत नाहीत. पंखांचा विस्तार दोन मीटरच्या पुढे, शरीर जड. पंख मारत फिरणं त्यांना परवडत नाही. कातळ तापून हवा वर चढायला लागली की तिच्यावर स्वार होऊन ती घिरट्या घेत उंची गाठतात. थंडीच्या दिवसांत ही वेळ नऊ-दहाच्या सुमारास येते. तुम्ही कड्यापासून सुरक्षित अंतरावर शांत बसलेले असाल तर गिधाड तुमच्या पायांच्या खालच्या पातळीवरून उठतं आणि डोळ्यांसमोरून वर जातं. पंखांच्या टोकांची बोटांसारखी पिसं एकेक हलताना दिसतात. गिधाडाची पाठ वरून पाहायला मिळावी अशा जागा फार थोड्या. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने नव्वदच्या दशकापासून देशातली गिधाडं झपाट्याने संपत गेली. मेलेल्या जनावराच्या मांसातून ते औषध त्यांच्या पोटात जाई आणि मूत्रपिंडं निकामी होत. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तोवर लांब चोचीच्या गिधाडांची संख्या नव्वद टक्क्यांहून जास्त घसरली होती. जी वाचली, त्यांतली काही या कड्यांवर आहेत. २०१७ मध्ये अंजनेरीचं ५.६९ चौरस किलोमीटर क्षेत्र संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालं ते त्यांच्यामुळेच. कडा हा त्यांच्या पिल्लांचा पाळणा आहे, आणि जोडी वर्षाला एकच अंडं घालते. कड्यावरून दगड लोटणं, आरोळ्या ठोकणं, ड्रोन उडवणं यांचा हिशेब तिथे होतो.

आता साडेनऊला माथ्यावर असायचं तर निघायचं कधी? इथे नकाशा हाती घ्यावा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषा असतात. दोन रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक. अंजनेरीच्या चित्रात या रेषा आधी एकमेकींपासून ऐसपैस असतात, तो गावापासूनचा उतार. मग एकदम दाटीवाटीने येतात, जवळजवळ एकमेकींना चिकटून, तो कडा. मग अचानक मोकळी जागा, जवळपास रेषाच नाही, ते पठार. आणि पुन्हा एक दाट कडं, तो वरचा टप्पा. ही चार वाक्यं वाचता आली की डोंगर घरबसल्या अर्धा कळला. दम कुठे लागणार, श्वास कुठे मिळणार, मुलांना कुठे हात द्यावा लागणार, सगळं त्या रेषांत आहे.

चालायला किती वेळ लागेल याचा एक जुना ठोकताळा स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथने १८९२ मध्ये मांडला. सपाटीवर तासाला पाच किलोमीटर धरा आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास वाढवा. अंजनेरी गावापासून वरच्या माथ्यापर्यंत पाच किलोमीटर आणि साडेपाचशे मीटर चढ धरला तर एक तास अधिक पंचावन्न मिनिटं, म्हणजे जेमतेम दोन तास. नेस्मिथ मात्र थंड हवेतला, न थांबता चालणारा गिर्यारोहक होता. आपल्याबरोबर आत्या असते, भाचे असतात, फोटो असतात, पाण्याचे घोट असतात. म्हणून त्याच्या आकड्याला मी सरळ दीडने गुणतो : तीन तास. साडेनऊमधून तीन वजा केले तर साडेसहाला गावात पाऊल. ऑक्टोबरच्या मध्यावर नाशिकला सूर्य साडेसहाच्या सुमाराला उगवतो, म्हणजे उजाडताच चाल सुरू. नाशिकहून पावणेसहाला निघालं की पुरतं. गावाच्या पुढे डोंगराच्या पायथ्यापर्यंत गाडी नेलीत तर थोडी चाल वाचते, आणि तो वेळ वर बसायला मिळतो.

लोकांचं पंचांगही पाहून ठेवावं. श्रावणात त्र्यंबक रस्ता भरून वाहतो, तिसऱ्या सोमवारी तर ब्रह्मगिरीच्या फेरीला रात्रीपासूनच माणसांची रांग लागते. पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या याच रस्त्याने त्र्यंबकला जातात. हनुमान जयंतीला खुद्द अंजनेरीवर गर्दी असते. हनुमानाचा जन्म इथलाच ही या भागातली जुनी श्रद्धा, आणि डोंगराचं नाव त्याच्या आईचं. सिंहस्थाच्या काळात तर रस्त्याचे नियमच बदलतात. यात्रा पाहायची असेल तर त्या दिवशी मुद्दाम जावं, पण शांत सकाळ हवी असेल तर साधा मंगळवार-बुधवार गाठावा. एसटी आणि सिटीलिंकच्या बस त्र्यंबकला जातात, अंजनेरी फाट्यावर उतरता येतं. पहाटेची पहिली बस किती वाजता आहे हे आदल्या दिवशीच विचारून ठेवावं.

सामानाबद्दल थोडक्यात. माणशी दोन लिटर पाणी, उन्हाळ्यात तीन. पकड असलेले बूट. ओल्या कातळावर गुळगुळीत तळव्याची चप्पल म्हणजे मोडलेलं मनगट. टोपी, एक पातळ जर्किन, कारण माथा शहराहून चार-पाच अंशांनी थंड असतो आणि घामेजल्या अंगाला वारा झोंबतो. गूळ-शेंगदाणे, दशमी, काकडी. छोटी बॅटरी, जरी दुपारी परतायचं असलं तरी. खाऊ पिशवीच्या आत, हातात नको; पायऱ्यांवरच्या माकडांना प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज ओळखू येतो. आणि अत्तर लावून जाऊ नये. कड्यांच्या कपारींत आग्या मोहोळं असतात. उग्र वास, धूर आणि दंगा या तिन्हींनी माश्या उठतात. बरोबरच्या कुणाला दम्याचा, गुडघ्याचा त्रास असेल तर आठवडाभर आधी पांडवलेणीच्या पायऱ्या चढून पाहाव्यात. वीस मिनिटांची ती चढण त्यांना कशी गेली, यावरून अंजनेरीचा वेग ठरवता येतो.

गावातून वर आल्यावर वन विभागाची चौकी लागते. तिथून पुढे थोडी झाडी आणि मग घळीतून वर जाणाऱ्या पायऱ्या. दोन्ही बाजूंना कातळ उभा. घळीत शिरल्यावर क्षणभर थांबून हाताशी असलेला दगड पाहा. हा बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहून आलेल्या लाव्हाचा. लाव्हा एकदाच आला नाही, थरावर थर चढत गेले. काही थर घट्ट, भरीव; त्यांचे कडे झाले. काही थरांत वायूचे बुडबुडे अडकले, ते ठिसूळ राहिले. ते झिजून उतार आणि पठारं झाली. सह्याद्रीचं सगळं रूप या कठीण-ठिसूळच्या आलटून पालटून येण्यात आहे. बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे पाणी झिरपलं आणि खनिजं साचली. म्हणून काळ्या दगडात पांढरे ठिपके, कुठे बोटाच्या पेराएवढे स्फटिक दिसतात. त्यांना झिओलाइट म्हणतात, आणि नाशिकच्या परिसरातले झिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत आहेत. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते निगुतीने मांडलेले पाहता येतात. घळीत ते जिथल्या तिथे आहेत.

पायऱ्यांच्या वाटेवरच कातळात कोरलेलं लहानसं जैन लेणं आहे. आत तीर्थंकरांच्या मूर्ती. बरेचजण दम लागलेल्या अवस्थेत त्याच्यावरून पुढे निघून जातात. थांबायला याहून चांगलं कारण नाही. घळ संपली की पठार. एकदम आभाळ मोठं होतं. इथे अंजनीमातेचं मंदिर आहे, पुढे तळं, आणि तळ्याच्या पलीकडे वरच्या टप्प्याची चढण. पेशवाईत आनंदवल्लीला राहिलेला रघुनाथराव उन्हाळ्यात अंजनेरीवर येऊन राहत असे, असं जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदवलेलं आहे. उन्हाळ्याची दुपार इथे काढलीत तर त्याची निवड पटते.

ज्यांचे पाय थकलेत त्यांनी पठारावर थांबावं, त्यात काही उणं नाही. गिधाडं पठाराच्या कडेवरूनही दिसतात. पण वरच्या माथ्यावर गेलात तर चारही दिशा मोकळ्या होतात, आणि सगळी आखणी ज्यासाठी केली ते समोर येतं. इथून हवा स्वच्छ असेल तर किती लांबचं दिसावं? पृथ्वी गोल असल्यामुळे याला गणिती मर्यादा आहे. माथा आसपासच्या सपाटीहून सातशे मीटर उंच धरला तर क्षितिज सुमारे नव्वद किलोमीटरवर जातं, आणि त्यापलीकडचे उंच डोंगरही डोकावू शकतात.

पश्चिमेला ब्रह्मगिरीची लांबलचक भिंत, तिच्या पायाशी त्र्यंबक गाव. तिच्या मागच्या बाजूला हरिहर, भास्करगड, फणीचा डोंगर. ईशान्येला रामशेज, ज्या छोट्या किल्ल्याने संभाजी महाराजांच्या काळात औरंगजेबाच्या सरदारांना वर्षानुवर्षं झुंजवलं; इतक्या लांबून तो एखाद्या टेकाडाएवढा दिसतो आणि म्हणूनच त्या लढ्याचं आश्चर्य वाढतं. त्याहून दूर, साठ-सत्तर किलोमीटरवर, सातमाळा रांग : सप्तशृंगी, मार्कंड्या, आणि धोडपचा ओळखू येणारा सुळका. दक्षिणेला, थोडं पूर्वेकडे, कळसूबाईचं शिखर, १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच. त्याच रांगेत अलंग, मदन, कुलंग एकमेकांना खेटून.

किल्ले ओळखून झाले की पाणी पाहा. माझ्या दृष्टीने अंजनेरीवरून दिसणारी सर्वांत मोठी गोष्ट ती आहे. ईशान्येला गंगापूर धरणाचा जलाशय चमकतो. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी तिथे थोपवली आहे, आणि नाशिक शहर तेच पाणी पितं. आता उलट वळून नैऋत्येला पाहा. तिथे वैतरणेचा जलाशय आहे. वैतरणाही याच त्र्यंबकच्या डोंगरांतून निघते, पण ती पश्चिमेला वळते. अपर वैतरणेचं पाणी मोडकसागरमार्गे मुंबईच्या नळांना जातं. एका ठिकाणी उभं राहून, मान वळवली की नाशिकचं पिण्याचं पाणी एका बाजूला आणि मुंबईचं दुसऱ्या बाजूला. या रांगेवर पडलेला पावसाचा थेंब धारेच्या कोणत्या अंगाला ओघळतो त्यावर त्याचा प्रवास ठरतो. पश्चिमेला गेला तर अरबी समुद्र तुलनेने जवळच. पूर्वेला गेला तर गोदावरीबरोबर १४६५ किलोमीटर : पैठणचा नाथसागर, नांदेड, तेलंगण, आंध्र, आणि मग बंगालचा उपसागर. मराठवाड्याच्या आणि नाशिकच्या पाण्याचे वाद वर्तमानपत्रात वाचताना जे डोक्यात बसत नाही ते इथे दहा मिनिटांत डोळ्यांना कळतं. मुलांना भूगोलाचं पुस्तक घेऊन इथे आणावं.

देखाव्याच्या नादात वेळ विसरू नये. निघतानाच परतीची वेळ ठरवून सगळ्यांना सांगावी : माथा गाठला असो वा नसो, साडेअकराला उतरायला लागायचं. अपघात बहुतेक उतरताना होतात, कारण तेव्हा मांड्या थकलेल्या असतात आणि मन घरी पोचलेलं असतं. ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडाटी पाऊस येऊ शकतो, आणि मोकळ्या पठारावर माणूसच सर्वांत उंच वस्तू असते. वीज चमकली की सेकंद मोजा; दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, लगेच पठार सोडा, एकाकी झाडाखाली थांबू नका. पावसाळ्यात गेलात तर घळीतल्या पायऱ्यांवर डोळा ठेवा. वर जोराची सर आली की पठारावरचं सगळं पाणी त्याच घळीतून खाली येतं आणि पायऱ्यांचा धबधबा होतो. पर्यटक असे वर अडकल्याच्या घटना घडल्या आहेत. अशा वेळी पाण्यात पाय घालायचा नाही. बाजूला उंचावर थांबायचं, पाणी ओसरू द्यायचं, ११२ वर कळवायचं. अंजनेरीचं पठार लहान आहे, त्यामुळे पाऊस थांबला की ओहोळही उतरतो. धीर धरणारा सुखरूप येतो.

अंजनेरीवर गाडीरस्ता न्यावा, ब्रह्मगिरी आणि अंजनेरी रोपवेने जोडावेत, असे प्रस्ताव गेल्या काही वर्षांत पुढे आले आणि नाशिकच्या पर्यावरणप्रेमींनी त्यांना कडाडून विरोध केला. ज्यांना चढता येत नाही अशा भाविकांची ओढ मला समजते. पण ब्रह्मगिरीपासून अंजनेरीपर्यंतचे हे कडे गिधाडांचे आहेत आणि पठाराचा मातीचा थर इतका पातळ आहे की एका हंगामाची गर्दी त्याला पुरते. ज्या डोंगराला तीन तासांच्या चालीने गाठता येतं, तो तसाच राहू द्यावा असं मला मनापासून वाटतं.

उतरून गावात आलात आणि अंगात थोडा जीव असेल तर तासभर पायथ्याला द्या. अंजनेरी आज लहान गाव आहे, पण आठव्या शतकाच्या सुरुवातीचे ताम्रपट इथे सापडले आहेत, आणि आसपास यादवकाळातल्या पडझडीला आलेल्या मंदिरांचा समूह पसरलेला आहे, काही जैन, काही हिंदू. त्यांतल्या एका जैन मंदिरातल्या संस्कृत शिलालेखावर शके १०६३ आहे, म्हणजे इसवी सन ११४१च्या सुमाराचं वर्ष. यादव राजा सेउणदेवाच्या एका वाणी मंत्र्याने काही दुकानांचं उत्पन्न या मंदिराला दिल्याची त्यात नोंद आहे. म्हणजे या डोंगराखाली तेव्हा भरलेली बाजारपेठ होती. रस्त्याकडे येताना भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था लागते, १९८० मध्ये सुरू झालेली. तिच्या नाण्यांच्या संग्रहालयात त्या व्यापाराचा पैसा पाहता येतो. ते उघडण्याच्या वेळा आधी विचारून ठेवा आणि साडेअकराला माथा सोडला असेल तर दोनच्या सुमाराला तिथे पोचाल. त्यानंतर त्र्यंबकहून येणारी बस फाट्यावर हात दाखवून थांबवायची.